गिटारचा डोलणारा सूर

आजच्या विषयातील मुख्य शब्द ह्या नभोवाणीच्याच घरचा आहे. ‘मॉड्युलेशन’ हा तो शब्द. आपल्या रेडिओच्या तबकडीवर ए. एम. आणि एफ. एम. अशी जी अक्षरे असतात, त्यांतील ‘एम’ म्हणजे मॉड्युलेशन. एका लहरीच्या अंगावर दुसरीचा ठसा उमटविणे. प्रक्षेपण-केंद्राची मूळ लहर एकसारखी, निर्विकार असते. बोलणाराच्या आवाजाप्रमाणे तिचा जोर कमीजास्त केला की ते ए. एम. झाले आणि तिची कंपनसंख्या कमीजास्त केली की ते एफ. एम. झाले. आता हीच दोन कामे गिटारच्या सुरावर अगदी संथपणे, म्हणजे सेकंदास पाचसहा वेळा केली, तर काय होईल? पहिल्याने सूर लहानमोठा होत थरथरेल. दुसऱ्याने तो किंचित चढत-उतरत डोलू लागेल. वादकमंडळी पहिल्यास ट्रेमोलो म्हणतात आणि दुसऱ्यास व्हायब्राटो.

आज शहरातील पुष्कळ घरांत असा देखावा दिसतो की, मुलगा संगणकासमोर बसला आहे, हाताशी पियानोसारख्या पट्ट्यांची एक लहानशी फळी आहे, आणि कानांवर मात्र गिटार ऐकू येते आहे. गिटार घरात नसतेच. ती आज्ञावलीत असते. पडद्यावर गोल खुंट्यांची चित्रे असतात. एका खुंटीने सूर किती वेगाने डोलावा हे ठरते, दुसरीने किती खोल डोलावा हे ठरते. खुंटी फिरवून मुलगा स्वस्थ बसतो आणि सूर आपोआप डोलत राहतो. ह्या दोन खुंट्या तेथवर कशा पोहोचल्या हा इतिहास मनोरंजक तर आहेच. परंतु त्यात एक खरा प्रश्नही दडलेला आहे. सूर डोलतो तो कोणाच्या इच्छेने? वाजविणाराच्या, की यंत्राच्या?

गिटारची मूळ अडचण अशी की, तार छेडल्याबरोबर तिचा सूर मरू लागतो. व्हायोलिनचा गज चालतो तोवर सूर जिवंत असतो, बासरीत फुंकर असेतोवर असतो. छेडलेल्या तारेला तेवढे आयुष्य नाही. त्या थोडक्या आयुष्यात काही घडले तरच कान तेथे रमतो. आपल्या सतारियांनी हे पूर्वीच ओळखले आणि पडद्यावर तार आडवी खेचून मींड काढली. गिटारवादकही पडद्यावर तार ओढतात, परंतु गिटारचे पडदे लाकडात पक्के बसविलेले, तारा पुष्कळ ताणलेल्या. तेव्हा साधारणतः एका स्वराइतकी, फार तर त्याहून थोडी अधिक ओढ मिळते. हवाई बेटांत ह्यावर निराळाच तोडगा निघाला. १८८९ च्या सुमारास जोसेफ केकुकू ह्या मुलाने तारांवर पोलादी तुकडा घसरवून वाजविण्याची रीत काढली असे तेथे मानतात. पडद्यांचे बंधनच संपले! ही हवाईयन गिटार पुढे आपल्याकडेही आली. ताऊ मो हे सामोआ बेटांत जन्मलेले वादक १९४० च्या दशकात काही वर्षे कलकत्त्यास राहून ती वाजवीत व शिकवीत. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ह्या तबकडीत ब्रिजभूषण काब्रा ह्यांनी ह्याच जातीच्या गिटारीवर राग वाजविले आणि विश्वमोहन भट्ट ह्यांची मोहनवीणा तर १९९४ साली अमेरिकेतील ग्रॅमी पुरस्कारापर्यंत पोहोचली. गिटार आपल्याकडे रागदारीत बसली ती घसरत्या पोलादामुळे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

हाताने होणारे हे काम यंत्राकडून करून घेण्याची हौस अमेरिकेत १९३० च्या दशकातच सुरू झाली. डॉक कॉफमन ह्या गृहस्थांनी गिटारच्या तारा जेथे अडकवितात ती पट्टीच हलती केली. दांडी दाबली की सगळ्या तारांचा ताण एकदम बदलावा आणि सूर डोलावा. त्यानंतर डीआर्मंड कंपनीने जी पेटी काढली तिची रचना ऐकून हसू येईल. पेटीत एक लहानशी कुपी, कुपीत वीजवाहक द्रव, आणि एक मोटर ती कुपी हलवीत असे. द्रव हिंदकळून आतील टोकास लागला की गिटारचा विद्युत्प्रवाह थोडासा जमिनीत उतरे व आवाज दबे. द्रव मागे सरला की आवाज पुन्हा उघडे. असा हा हिंदकळणाऱ्या पाण्याचा ट्रेमोलो!

नावांचा घोळही ह्याच सुमारास झाला. लिओ फेंडर ह्यांनी १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर नावाची गिटार विकावयास काढली. तिच्यावर सूर चढविणारी-उतरविणारी दांडी होती. म्हणजे काम व्हायब्राटोचे. तिला त्यांनी नाव दिले ट्रेमोलो. पुढे त्यांच्याच ध्वनिवर्धकांत आवाजाचा जोर कमीजास्त करणारी योजना आली. म्हणजे काम ट्रेमोलोचे. तिच्यावर छापले व्हायब्राटो! ज्यांचे आयुष्य मुलांची शुद्धलेखने तपासण्यात गेले त्यांना हे खपणे कठीण. परंतु बाजाराला व्याकरण नसते. सत्तर वर्षे हा घोळ चालू आहे आणि आजच्या आज्ञावल्यांतही पुष्कळ ठिकाणी ह्या दांडीचे नाव ट्रेमोलो असेच आढळते. नवशिक्याने नावावर न जाता कानाने पाहावे: जोर बदलतो आहे की स्वर?

ह्यापुढील शोध मात्र खरोखर मोठा आहे. डॉन लेस्ली ह्यांनी हॅमंड कंपनीचा विजेवरील ऑर्गन घेतला होता. मोठ्या सभागृहात भव्य वाटणारा तो ऑर्गन घराच्या खोलीत अगदीच निर्जीव वाटे. सभागृहाच्या भिंतींवरून सूर नाना दिशांनी परततो, तसे घरात कोठून व्हावे? लेस्लींनी विचार केला की, भिंती आणता येत नाहीत तर ध्वनीचे तोंडच फिरते ठेवावे. त्यांनी कपाटाएवढ्या पेटीत वर एक फिरता कर्णा बसविला, खाली मंद्र सुरांसाठी एक फिरते पिंप बसविले, आणि १९४० च्या सुमारास ही पेटी विकावयास आणली. कर्णा श्रोत्याकडे येताना सूर किंचित चढतो, दूर जाताना किंचित उतरतो. आगगाडी शिटी वाजवीत स्टेशनातून निघून जाते तेव्हा हा अनुभव सर्वांनाच येतो. क्रिस्तियन डॉप्लर ह्यांनी १८४२ साली हा नियम मांडला आणि १८४५ साली हॉलंडात आगगाडीवर तुतारीवाले बसवून तो कानांनी पडताळून पाहण्यात आला. तोच नियम लेस्लींच्या कपाटात मिनिटामिनिटाला शेकडो वेळा घडे. शिवाय कर्णा समोर आला की आवाज मोठा, पाठमोरा झाला की लहान. म्हणजे ट्रेमोलो आणि व्हायब्राटो दोन्ही एकदम, आणि खोलीच्या भिंतींवर सूर फिरता.

पुढे ह्या पेटीस दोन वेग आले. संथ वेगात कर्णा मिनिटास सुमारे ४० फेरे घेतो, जलद वेगात सुमारे ४००. परंतु रसिकांना आवडते ते ह्या दोहोंच्या मधले. कळ दाबताच हलका कर्णा झटकन वेग घेतो, जड पिंप मागाहून हळूहळू घेते, थांबतानाही तसेच. ह्या चढउतारात सूर जसा उसळतो व निवतो तसा तो स्थिर वेगात कधीच होत नाही. ऑर्गनवादक म्हणूनच गाण्याच्या नेमक्या जागी वेग बदलतात. यंत्र होते, पण ते केव्हा धावावे हे हात ठरवीत असे. १९६६ साली बीटल्स मंडळींनी ‘टुमॉरो नेव्हर नोज’ ह्या गाण्यात जॉन लेनन ह्यांचा आवाजच ह्या पेटीतून काढला, आणि त्या सुमारास गिटारवालेही हे अवजड कपाट रंगमंचावर वाहून नेऊ लागले.

कपाट वाहून नेण्याचा त्रास वाचविण्याची धडपड हाच पुढील दहा वर्षांचा इतिहास म्हटला तरी चालेल. जपानात शिन-एई कंपनीसाठी फुमिओ मिएदा ह्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस युनिव्हाइब ही पायाशी ठेवावयाची पेटी केली. तिच्या पोटात एक लुकलुकणारा दिवा आणि त्याच्या भोवती प्रकाशाने बदलणारे चार घटक. दिवा मंद-तेज होई तशी सुराच्या काही भागांची चाल मागेपुढे सरके, आणि तो सूर मूळ सुरात मिसळला की काही भाग परस्परांस खोडीत व काही उठून दिसत. ही कल्पना मिएदांना सुचली कशी, हे नभोवाणीच्या श्रोत्यांनी ऐकण्याजोगे आहे. मॉस्को रेडिओचे कार्यक्रम जपानात ऐकू येत, ते वातावरणाच्या वरच्या थरांतून परतताना लाटांसारखे कमीजास्त होत. त्या लहरण्यावरून आपणांस कल्पना सुचली असे मिएदांनी स्वतः सांगितले आहे. लघुलहरींवर दूरदेशीचे केंद्र लावून कान टवकारून बसलेल्या जुन्या पिढीस हे लहरणे चांगले ठाऊक आहे. आपण त्याला दोष म्हणत होतो. ह्या गृहस्थाने त्याचा अलंकार केला. १९६९ साली वुडस्टॉकच्या मेळाव्यात जिमी हेंड्रिक्स ह्यांनी ही पेटी वाजविली आणि तिची कीर्ती झाली.

लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहात दोन फिती जवळजवळ बरोबरीने चालवून, एकीस किंचित मागे ओढून जो सूंऽऽ असा झोत निघे त्याचे नाव फ्लँजिंग. रोलंड कंपनीच्या १९७५ च्या जे. सी. १२० ह्या ध्वनिवर्धकात आणि १९७६ च्या बॉस सी. ई. १ ह्या पेटीत जो कोरस आला, त्यात मूळ सुराची नक्कल काही सहस्रांश सेकंद उशिरा व किंचित डोलवून मूळ सुरात मिसळतात, म्हणजे एकाच्या जागी दोघे वाजवीत असल्याचा भास होतो. उशीर करण्यासाठी आग विझविताना माणसे हातोहात बादल्या पुढे सरकवितात त्याप्रमाणे विद्युद्भार एका खान्यातून दुसऱ्या खान्यात सरकविणारी चकती वापरीत. ह्या सर्व उपकरणांच्या मुळाशी एकच यंत्रणा आहे: सेकंदास अर्ध्या वेळेपासून दहाएक वेळांपर्यंत वरखाली होणारी एक मंद लहर. ती स्वतः ऐकू येत नाही, दुसऱ्याला डोलविते.

ती मंद न ठेवता जलद केली तर? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग ह्यांनी १९६७ साली नेमके हेच केले. व्हायब्राटोचा वेग वाढवीत गेल्यावर एका मर्यादेपलीकडे डोलणे ऐकू येईनासे झाले आणि सुराचा रंगच पालटला. घंटा, पितळी वाद्ये असे नवे नाद निघू लागले. १९८३ च्या यामाहा डी. एक्स. ७ ह्या वाद्याचा पाया हाच. पण तो रस्ता निराळ्या गावास जातो.

आपण परत गिटारकडे येऊ. १९८० च्या सुमारास प्रत्येक कंपनीचे वाद्य आपापली भाषा बोलत होते. एकाचे दुसऱ्यास कळत नव्हते. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी ह्यांनी पुढाकार घेतला, आणि जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात स्मिथ ह्यांचे प्रॉफेट ६०० हे वाद्य रोलंडच्या ज्युपिटर ६ ला एका तारेने जोडले गेले. एकावर बोट ठेवले की दुसरे वाजू लागले. हीच मिडी पद्धती. परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेल्या व्यापाऱ्यांनी ती कोणाकडून शुल्क न घेता सर्वांस खुली ठेवली, ही त्यातील सर्वांत थोर गोष्ट. ह्या कार्यासाठी २०१३ साली दोघांना ग्रॅमी संस्थेचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

मिडीच्या तारेतून नाद जात नाही, हे नीट समजून घ्यावयास हवे. भातखंडे किंवा पलुसकर ह्यांच्या स्वरलिपीच्या पुस्तकात जसे गाणे नसून गाण्याची सूचना असते, तसेच हे आहे. कोणती पट्टी, किती जोराने, केव्हा दाबली आणि केव्हा सोडली. एवढाच निरोप, तोही अंकांत. जोर ० ते १२७ ह्या आकड्यांत मोजावयाचा. ह्याखेरीज ‘नियंत्रक’ म्हणून क्रमांक दिलेले निरोप आहेत: १ हा डोलविणाऱ्या चाकाचा, ७ आवाजाचा, ११ भावाभिव्यक्तीच्या पायपट्टीचा, ६४ सूर धरून ठेवणाऱ्या पायकळीचा. ह्यांतही पायऱ्या १२८ च. स्वर ओढण्यासाठी मात्र स्वतंत्र चाक असून त्यास १६,३८४ पायऱ्या ठेवल्या, कारण स्वरातील पायरी कानास ताबडतोब खटकते.

परंतु मिडीचा जन्म पट्ट्यांच्या वाद्यांच्या घरात झाला, आणि जन्मघराची खूण तिच्या अंगावर राहिलीच. पट्टी म्हणजे ठराविक स्वर. दोन पट्ट्यांच्या मधले जग तिला ठाऊक नाही. हा वाद आपणांस नवा नाही. ह्याच कारणावरून आकाशवाणीने मार्च १९४० पासून बाजाची पेटी आपल्या केंद्रांवरून वर्ज्य केली होती. पेटीतून मींड निघत नाही, आंदोलन निघत नाही, तिचे स्वर ठोकून बसविलेले, असा आक्षेप होता. १९७१ पासून ही बंदी काही अटींवर सैल झाली. बंदी योग्य होती की अयोग्य, ह्यावर आपल्याकडे अजून दोन पक्ष आहेत. पेटीने महाराष्ट्रात घरोघर स्वरज्ञान पोहोचविले हे मान्य करूनही मला असे वाटते की, आक्षेप खोटा नव्हता, उपाय मात्र अति कठोर होता. मिडीच्या कर्त्यांनी पट्ट्यांच्या शेजारी ही दोन चाके बसविली, ती ह्याच उणिवेवरील मलमपट्टी होय.

मलमपट्टीतही एक त्रुटी राहिली. स्वर ओढण्याचे चाक एका मार्गावरील सगळ्या स्वरांना एकदम ओढते. गिटारीत तर एक तार ओढून शेजारची तशीच ठेवणे हे नित्याचे. म्हणून गिटारला मिडी जोडताना सहा तारांना सहा स्वतंत्र मार्ग द्यावे लागले. एकंदर मार्ग १६ असल्याने ते जमले.

आभासी गिटारच्या आज्ञावल्या दोन जातींच्या आहेत. पहिल्या जातीत गिटार खरी असते, तिच्या पुढची पेटी-कपाटे मात्र संगणकात असतात. रोलंडच्या १९९५ च्या व्ही. जी. ८ ने हा मार्ग दाखविला, पुढे २००२ साली अँप्लिट्यूब आणि २००४ साली गिटार रिग ह्या आज्ञावल्या आल्या. दुसऱ्या जातीत गिटारही नसते. तारांचे हजारो सूर मुद्रित करून ठेवलेले असतात, किंवा तारेचे कंपन गणिताने निर्माण केलेले असते. केव्हिन कार्प्लस व अलेक्स स्ट्राँग ह्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेली छेडलेल्या तारेची युक्ती ह्या गणिताचे मूळ.

डोलणाऱ्या सुराची खरी परीक्षा ह्या दुसऱ्या जातीत होते. पडद्यावर तार आडवी ओढून काढलेला व्हायब्राटो मूळ स्वरापासून वर जातो आणि परत मूळ स्वरावर येतो. खाली कधीच जात नाही, कारण ताण वाढविता येतो, पडद्यावर दाबलेल्या तारेचा कमी करता येत नाही. यंत्रातील मंद लहर मात्र बहुधा स्वराच्या वर आणि खाली सारखीच डोलते. ऐकणाराला कारण सांगता येत नाही, पण हे गिटार नव्हे एवढे त्याचा कान जाणतो. तेव्हा ती लहर बंद करून स्वर ओढण्याचे चाक बोटाने किंचित पुढे ढकलावे व सोडावे. ते चाक सामान्यतः वर-खाली दोन-दोन अर्धस्वर ओढते. गिटारची नेहमीची ओढही तेवढीच, म्हणून बोटास अंदाज लवकर बसतो. लहरच वापरावयाची असेल तर तिची खोली नियंत्रक १ च्या चाकाकडे सोपवावी आणि स्वर लागताक्षणी ती शून्य असावी. चांगला गवई आधी स्वरावर स्थिर उभा राहतो आणि मग आंदोलन घेतो. आरंभापासून डोलणारा सूर पाळण्यासारखा वाटतो.

कोरस किंवा फिरत्या कर्ण्याचे तसेच. बहुतेक आज्ञावल्यांत कोणत्याही खुंटीस कोणतेही चाक वा पायपट्टी शिकविता येते. खुंटीवर खूण करावी, पायपट्टी हलवावी, की जोडणी झाली. पुष्कळ मुले हे कधी करीत नाहीत. गाण्याच्या तालाशी लहरीचा वेग बांधण्याची सोय असते, मिडीची घड्याळी सूचना प्रत्येक मात्रेस २४ ठोके देते, आणि तेवढ्यावर ती समाधान मानतात. तालाशी बांधलेला ट्रेमोलो शोभतो हे खरे. परंतु लेस्लींच्या कपाटाचे प्राण होते वेग बदलण्यात. आजच्या चांगल्या आज्ञावल्यांत हलक्या कर्ण्याची चपळाई आणि जड पिंपाचा आळस वेगवेगळा मोजून भरलेला असतो. तो ऐकावयाचा तर पायकळ हाताशी, नव्हे पायाशी, असावयास हवी.

पूर्वीच्या १२८ पायऱ्यांवर सावकाश फिरविलेली खुंटी कधी कधी करकरते. पायरीपायरीने उतरणारा जिना जणू. चांगल्या आज्ञावल्या मधल्या पायऱ्या स्वतः भरून घेतात. २०१८ साली मिडीच्या नियमांत प्रत्येक स्वरास स्वतंत्र मार्ग देणारी एम. पी. ई. ही रीत मान्य झाली आणि पट्टीवर बोट आडवे हलविताच तेवढाच एक स्वर ओढणारी वाद्ये तिच्या आधारे चालू लागली. २०२० साली मिडीची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत नियंत्रकांच्या पायऱ्या १२८ च्या जागी अब्जावधी झाल्या. काकेहाशी २०१७ साली वारले, ते ही आवृत्ती पाहू शकले नाहीत. स्मिथ ह्यांनी ती पाहिली व ते २०२२ साली निवर्तले. १९८३ ची पाच काट्यांची जोडणी नव्या वाद्यांच्या पाठीवर अजूनही दिसते, आणि त्या वर्षीचे वाद्य आजच्या संगणकाशी जोडले तर दोघांना एकमेकांचे बोलणे कळते.